सात नंबरचं मराठी मशीन

सर, तुमचं सात नंबरचं मशीन मला गेल्या रविवारी सापडलं. बरकतपुऱ्यात, आम्ही राहायचो त्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका दुकानात, मखमलीच्या तुकड्यावर मांडलेलं आणि वरून पिवळा दिवा सोडलेला. सापडलं म्हणजे मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आणि आज गुरुवार उजाडला तरी ती उतरायचं नाव घेत नाही. मुलगी कामावर गेली की घरात बोलायला कुणी नसतं, आणि असती तरी तिला टाइपरायटर म्हणजे चित्रात पाहिलेली वस्तू. हा राग ज्याला कळला असता असे तुम्ही एकटेच. तुम्हाला जाऊनही किती वर्षं झाली, माझे स्वतःचे केस पांढरे झाले. तरी लिहिते.

मी आता निवृत्त झालेय. नांदेडच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून लागले ते तुम्हाला ठाऊकच आहे, अर्ज तुम्हीच भरून घेतला होता. तिथंच पुढं लघुलेखक झाले, तिथूनच शाल-नारळ घेऊन घरी आले. मुलगी इथं हैदराबादला कंप्युटर कंपनीत आहे, तिच्याकडं हिवाळ्यात दोन महिने येऊन राहते. तिच्या ऑफिसात दरवर्षी काहीतरी सोंग असतं. मागच्या वर्षी सगळे राजे-राण्या झाले होते. यंदा म्हणे 'स्टीमपंक'. मी विचारलं, हे काय आणखी? ती म्हणाली, वाफेच्या इंजिनाचा जमाना संपलाच नसता तर माणसं कशी दिसली असती, कसे कपडे घातले असते, तसं नटायचं. मी म्हटलं, माझे आजोबा वाफेच्या इंजिनामागं बसून काचीगुड्याहून परभणीला जायचे. डोळ्यांत कोळसा गेला की धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि इंजिनाला चार शिव्या हासडायचे. टोपीला चाकं चिकटवून फिरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलगी हसली. तिला माझ्या बोलण्याचं हसू येतं, राग येत नाही, हे एक त्या पिढीचं बरं आहे.

तर त्या सोंगासाठी जुन्यापान्या वस्तू हव्या होत्या, म्हणून आम्ही निघालो. आधी कोठीच्या बाजारात गेलो. जुन्या पुस्तकांचे ढीग अजून तसेच आहेत, विकणाऱ्यांची नजरही तशीच, गिऱ्हाईक घेणार की नुसतं चाळणार हे दुरून ओळखणारी. मुलीला तिथं काही गवसलं नाही. मग तिनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं की खरी चांगली दुकानं आता वेगळीच असतात, आणि रिक्षा बरकतपुऱ्याकडं वळवली. रस्त्यात नारायणगुडा लागलं. तुमच्या क्लासचा जिना मी मान वळवून शोधला. जिना आहे, वर कसलातरी स्पर्धा-परीक्षेचा कोचिंग क्लास आहे, आणि खिडकीत तुमच्या पाटीच्या जागी एक हसऱ्या पोराचा फोटो आहे ज्याला कुठल्यातरी परीक्षेत कितवातरी नंबर मिळाला. मी मुलीला म्हटलं, इथं मी शिकले. तिनं 'हो का' म्हटलं, आणि तेवढ्यात सिग्नल सुटला.

दुकान एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर होतं. आत शिरल्या शिरल्या माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर हात धुवायचं भांडं बसवलेलं. पेट्रोमॅक्सच्या पोटात विजेचा बल्ब. गोटी सोड्याच्या बाटल्यांचं झुंबर. आणि एका भिंतीवर टोप्या, चष्मे, पट्टे, सगळ्यांवर घड्याळातली चाकं चिकटवलेली. मी चष्मा लावून नीट बघितलं. एकाही चाकाचा दात दुसऱ्या चाकात अडकलेला नव्हता. फिरायचं नाही, फिरवायचं नाही, कशाला उपयोगी पडायचं नाही, नुसतं चाक म्हणून मिरवायचं. ज्या माणसानं ती चाकं भिंगातून बघून चिमट्यानं बसवली असतील त्याच्या जिवाला काय वाटेल, हा विचार तिथं कुणाला शिवलेलाही नव्हता. मुलगी मात्र हरखून गेली होती. एक टोपी घालून आरशात बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला ती शोभतही होती. मी तसं बोलले नाही.

गल्ल्यामागं एक पंचविशीची मुलगी पक्कड घेऊन बसली होती. तीच दुकानाची मालकीण. तिच्यापुढं चार वाट्या होत्या आणि त्यांत टाइपरायटरच्या कळा. वरची गोल काच, भोवती चकचकीत कडी, खाली कापलेला दांडा. मटार सोलून ठेवावेत तशा भरलेल्या. त्यातली एकेक उचलून ती मागचा दांडा कापत होती, घासत होती आणि साखळीत ओवत होती. गळ्यातली लॉकेटं, कानातली, अंगठ्या. तिच्या पायाशी एका मशीनचा सांगाडा पडला होता, कळा उपटलेला. मला ते बघवेना. कोर्टात मी पंचनामे टाइप केलेत, सर, काय काय टाइप केलंय ते सांगत बसत नाही, पण माझं मन कधी इतकं विटलं नव्हतं. मी मान फिरवली ती नेमकी कोपऱ्यातल्या त्या मखमलीकडं.

ओळखायला वेळ लागला नाही. आपल्या नारायणगुड्यातल्या क्लासखेरीज सगळ्या कळा काळ्या रंगवलेलं मशीन मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. बाकीचे मास्तर कळांवर कागद चिकटवायचे, कुणी मुलांच्या हातांवर टॉवेल टाकायचे. तुम्ही सरळ दर दिवाळीला सुट्टीत रंगाचा डबा घेऊन बसायचात आणि काचेवर काळा ऑइलपेंट द्यायचात, एकेका कळेवर, बारीक ब्रशनं. सहा मशीनं इंग्रजी, सातवं मराठी. मागच्या पत्र्यावर तुमच्या हातचा पांढरा '७' अजून आहे. त्याच्या शेजारी खंडेनवमीचं कुंकू, वर्षानुवर्षं तेलात मिसळून बसलेलं, ते पुसायला त्या मालकिणीला जमलं नसावं. आणि पुढ्यात इंग्रजीत छापलेलं कार्ड. माझ्या मुलीनं मला ते मराठीत करून सांगितलं. निजामाच्या गुप्त खात्यातला टाइपरायटर. शत्रूच्या हाती पडला तरी अक्षरं कळू नयेत म्हणून सगळ्या कळा काळ्या केलेल्या. अत्यंत दुर्मीळ.

सर, मी हसले असते. पण मला तुमची आठवण आली. तुम्ही सांगायचात, निजामाच्या राजवटीत शाळेत उर्दूखेरीज दुसरी भाषा कानावर पडायची नाही, मराठी तुम्ही घरी आईकडून पाटीवर शिकलात. आमच्यासारख्यांच्या घरांतून, मराठवाड्यातून आलेल्या, शेती मागं ठेवून इथं नोकरीधंद्याला लागलेल्या माणसांच्या घरांतून, मुली मराठी टायपिंगची परीक्षा देऊन नांदेड-परभणीला नोकरीला लागाव्यात म्हणून तुम्ही ते सातवं मशीन कुठून कुठून खटपट करून आणलं होतं. तेही सेकंडहँड. त्याच्यावर दोन-तीनच विद्यार्थिनी असायच्या, इंग्रजीला रांग. लोक तुम्हाला म्हणायचे, काढून टाका, जागा अडते. तुम्ही म्हणायचात, अडू दे. आणि आता ते मशीन त्याच निजामाच्या नावावर चढलंय. मी त्या मालकिणीला विचारलं, बाई, निजामाचे गुप्त पोलिस मराठीत कुणाला पत्रं लिहीत होते?

तेव्हा तिनं पक्कड खाली ठेवली. "आंटी, तुम्ही मराठी हायत का?" म्हणाली. "आम्ही पण मराठीच. इथलेच. पण मला वाचायला येत नाही, मम्मीला येतंय." म्हणजे बघा. जी अक्षरं वाचता येत नाहीत ती कापून गळ्यात घालायची. मी तिला म्हटलं तेही. माझा आवाज चढला होता, मुलगी टोपी काढून माझा दंड धरत होती, 'आई, राहू दे ना' चाललं होतं. मी राहू दिलं नाही. मी तिला सांगितलं की हे गुप्त खातंबितं काही नाही, हे नारायणगुड्यातल्या एका मास्तरांचं मशीन आहे, त्यांनी कळा काळ्या केल्या त्या आमची नजर खाली जाऊ नये म्हणून. एक माणूस तीस वर्षं सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत याच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या जिवावर किती घरांत चुली पेटल्या, आणि तुम्ही त्याची कर्णभूषणं करता. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचलली पक्कड लावली मशीनला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आंटी, कबाडीवाला हे फोडणारच होता. वजनावर. मी आणले नसते तर आतापर्यंत ह्याच्या सळ्या झाल्या असत्या. मी निदान कुणाच्या गळ्यात तरी घालते." आणि विचारलं, त्या मास्तरांच्या घरच्यांनीच सगळी मशीनं एकदम विकली असं कबाडीवाला सांगत होता, तेव्हा तुम्ही कुठं होता? हे ती उद्धटपणे बोलली नाही, खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला. मी आणखीच चिडले. तुमच्या मुलांवर चिडले. एक कॅनडात, एक बंगळुरात, दोघांनाही बापाचे हात कशानं काळे व्हायचे हे कधी कळलंच नाही. पण त्यांच्यावर रागावायचा मला काय अधिकार, सर. तुम्ही गेल्याचंसुद्धा मला चार महिन्यांनी कळलं होतं.

शेवटी ती म्हणाली, मास्तरांचं आहे म्हणता, मराठी आहे म्हणता, तर करून दाखवा. तिनं मशीन मखमलीवरून उचलून टेबलावर ठेवलं, एक कागद दिला. मी बसले. पाठ आपोआप ताठ झाली. पहिल्या दिवशी मी अक्षरं शोधत वाकून बघत होते तेव्हा तुम्ही मागून येऊन म्हणाला होतात, "बघून मारायच्या असतील तर घरी जाऊन माश्या मार. इथं टाइप करायचं." सगळा क्लास हसला होता. पडद्यामागं तुमच्या घरच्यांचा स्वयंपाक चालायचा, चिंच घातलेल्या आंबट वरणाला लसणाची फोडणी बसायची आणि ठसका लागून सातही मशीनं क्षणभर थांबायची. तुम्ही पट्टीनं टेबलावर ठेका धरायचात. पाठ फिरवून उभे असलात तरी कुणाची कळ चुकली ते आवाजावरून सांगायचात, "तीन नंबर, अनामिका घसरतेय." मला नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी तुम्ही तुमचं गोल खोडरबर मला दिलंत, मागं ब्रश असलेलं. म्हणालात, तुला हे लागायचं नाही, म्हणून देतोय. ते मी वापरलं, सर. पुष्कळ वापरलं.

तर मी बसले आणि बोटं चालली. कोर्टातल्या कंप्युटरवरही अक्षरांची मांडणी हीच होती, त्यामुळं हात विसरले नव्हते. रिबन केव्हाच वाळलेली, कागदावर नुसते ठसे उमटत होते, उजेडात तिरपं धरलं तरच दिसणारे. काय टाइप करायचं ते मी ठरवलं नव्हतं. जे वर्षानुवर्षं केलं तेच हातांनी केलं. मी शपथेवर सांगते की. साक्षीदाराचा जबाब असाच सुरू होतो. दुकानातली चार गिऱ्हाइकं भोवती जमली, कुणीतरी मोबाइल वर धरला. माझी मुलगी बघत राहिली. तिनं मला असं काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी मी कोर्टात 'असायची'. डोळे समोरच्या भिंतीवर, नजर खाली नाही, आणि खडाखड ओळ. मालकीण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती म्हणाली, "आंटी, हे कायकू असं हाय? ही एकच बटन घासलेली हाय. मी नाही घासले हां. अशीच आली."

मी खाली पाहिलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखालची कळ. काळ्या रंगात आडवे-उभे ओरखडे, आणि त्यातून पांढरा 'क' दिसत होता.

ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. माझा हात ओळ संपली की भरकटायचा. मशीनची गाडी उजवीकडं सरकवून परत बोटं ठेवताना एक घर चुकायचं, आणि मग सगळी ओळ भलतीच. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, या खेपेला पास झाली नाहीस तर पुढं शिकणं नाही, स्थळ बघणार. एका संध्याकाळी तुम्ही पडद्याआड चहाला गेलात तेव्हा मी केसांतली पिन काढली आणि 'क' खरवडला. पाव मिनिटाचं काम. एक अक्षर दिसलं की बाकीची बोटं आपापल्या जागी बसत. माझी बॅच पाच ते सहा. सहा ते सातला त्याच मशीनवर काचीगुड्याची एक मुलगी यायची. वडील धान्याच्या अडतीवर हमाली करायचे. अंगात एकच चांगलं परकर-पोलकं, क्लासला यायचं म्हणून ठेवलेलं. ती माझ्यापेक्षा हळू होती, पण तिच्या चुका कमी होत्या. तुम्हाला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ब्रशनं मशीन पुसताना तुम्हाला ते दिसलं. सहा वाजता ती आली, मी अजून कागद काढत होते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत तिला विचारलंत, हे कशानं खरवडलंस? ती म्हणाली, मी नाही सर. पुन्हा विचारलंत. पुन्हा म्हणाली, मी नाही. तुम्ही म्हणालात, सकाळपर्यंत कबूल करशील तर ये, नाहीतर येऊ नकोस. तिनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, बोट दाखवलं नाही. मी कागद एकसारखे करत राहिले, खूप वेळ, चार तर कागद होते. ती पिशवी उचलून जिना उतरली आणि परत आली नाही. आणि सर, आता इतक्या वर्षांनी मला तुमचाही राग येतो. तुम्ही मला का नाही विचारलंत? मशीनवर आम्ही दोघीच होतो. तुम्हाला तीन नंबरची अनामिका पाठीमागून कळायची, आणि हे कळलं नाही? की माझे वडील तुम्हाला रस्त्यात नमस्कार करायचे आणि तिचे वडील पोती उचलायचे, म्हणून विचारावंसं वाटलं नाही? मला एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. मला ते खरं वाटत नाही.

वर तुम्ही ती कळ पुन्हा रंगवली नाहीत. म्हणालात, राहू दे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. मी दीड महिना रोज त्या 'क'समोर बसले. आणि त्याच्याकडं बघून टाइप केलं. परीक्षा पास झाले, नोकरी लागली, पुढं सगळं लागलं. तिला मी एकदाच पाहिलं, नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा, कोठीत ब्लाउजपीसच्या एका दुकानात. गजानं कापड मोजत होती. तिनं मला ओळखलं. विचारलं, "झाली का परीक्षा?" मी म्हटलं, झाली. ती म्हणाली, "चांगलं झालं," आणि कापड फाडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

रविवारी त्या दुकानात हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं असेल-नसेल तेवढ्या वेळात, आणि मालकीण विचारत होती, "कोण केलं असेल आंटी?" भोवती माणसं उभी होती. मोबाइल अजून वरच होता. माझी मुलगी माझ्याकडं असं बघत होती की तसं तिनं माझ्याकडं लहानपणानंतर कधी बघितलं नव्हतं. आणि मी अर्धा तास सगळ्या दुकानाला फैलावर घेतलं होतं, मास्तर, शिस्त, मेहनत, अक्षरांची किंमत. मी म्हटलं, सहाच्या बॅचला एक मुलगी होती. तिनं पिननं खरवडलं होतं. सरांनी तिला काढून टाकलं. माझा आवाज अगदी सरळ होता. शपथेवर जबाब देणाऱ्यांचा असा आवाज मी पुष्कळ ऐकलाय, आणि त्यातले कोण खोटं बोलताहेत हे मला टाइप करता करता कळायचं.

मालकिणीला ते फार आवडलं. ती म्हणाली, गिऱ्हाईक मिळालं नाही तर याच्याही कळा काढायच्या होत्या, पण हे मशीन ती आता फोडणार नाही. गुप्त खात्याचं कार्ड काढून टाकणार आणि खरी गोष्ट लिहिणार. माझ्याकडून तिनं सगळं विचारून घेतलं, क्लास कुठं होता, मास्तर कसे होते, खंडेनवमीला मशीनला फुलं वाहायचे ते. तुमचं नावही मी दिलं. म्हणजे मशीन वाचलं, सर. हे मला तुम्हाला सांगायचंच होतं. मुलीनं घरी येताना रिक्षात माझा हात धरला होता. म्हणाली, आई, तू आज भारी होतीस. काल संध्याकाळी मालकिणीनं नव्या कार्डाचा फोटो पाठवला. मुलीनं मला वाचून दाखवला. तुमच्याबद्दल चार ओळी आहेत, चांगल्या आहेत. शेवटची ओळ त्या 'क'ची आहे. इथं शिकणाऱ्या एका मुलीनं फसवणूक केली आणि मास्तरांनी तिला हाकलून दिलं, असं. मुलगी म्हणाली, ही ओळ वाचून लोक नक्की वाकून कळ बघणार.

ती कुठं असेल मला माहीत नाही. असलीच तर माझ्याच वयाची, आणि बहुतेक याच शहरात. तिच्या सुना-नातवंडांपैकी कुणीतरी टोपी घ्यायला त्या दुकानात जाऊ शकतं. दुकान घरापासून वीस मिनिटांवर आहे. एक ओळ बदलायची, एवढंच काम. मुलीला फोन करायला सांगितलं तरी होईल, पण तिला कारण सांगावं लागेल. हे चार कागद मी घडी करून माझ्या बॅगेच्या तळाशी ठेवणार आहे. तुमचा पत्ता नाही हे निमित्त बरं आहे. सकाळी निघताना मुलीनं विचारलं, येत्या रविवारी परत जाऊ या का त्या दुकानात, नवं कार्ड बघायला, तुझा मशीनसोबत फोटो काढू. मी म्हटलं, नको ग, माझे गुडघे फार दुखताहेत. माझे गुडघे ठणठणीत आहेत, सर.